संकटकाळातील सरकारी मदत सर्व प्रदेशांना न्याय्य मिळते आहे का, हे कसे तपासावे

आर्थिक संकट देशाच्या सर्व भागांवर एकाच दिवशी आणि सारख्याच जोराने कोसळत नाही. एका भागातले कारखाने बंद पडतात तेव्हा दुसऱ्या भागातल्या कचेऱ्या घरून चालू असतात. एका शहरावर निर्बंध येतात तेव्हा शेजारच्या जिल्ह्यातले व्यवहार सुरळीत असतात. अशा वेळी लोकांच्या बुडालेल्या उत्पन्नाला सरकार जो आधार देते, त्यातले कोणत्या प्रदेशाला किती आणि केव्हा मिळाले, हा प्रश्न हमखास उभा राहतो. बहुतेकदा तो ‘आमच्यावर अन्याय झाला’ आणि ‘आम्ही सर्वांना समान दिले’ या दोन घोषणांमध्ये अडकून पडतो, आणि ज्यांचा पगार थांबला आहे त्यांच्या हाती काहीच लागत नाही. स्थानिक लोकप्रतिनिधी, कामगार संघटनांचे कार्यकर्ते, पत्रकार किंवा आपल्या भागाच्या वाट्याला काय आले हे स्वतः पडताळू पाहणारा कोणीही नागरिक यांनी ही तपासणी कशी करावी, ते येथे मांडले आहे. त्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. सरकारी आदेश मिळवून ते नीट वाचण्याची चिकाटी, तारखांची नोंद आणि साधा गुणाकार-भागाकार एवढ्यावर बरेच काम भागते.

न्याय कशाला म्हणायचे, हे आधी ठरवावे

तपासणीला बसण्याआधी आपण न्याय कशाला म्हणणार आहोत, ते कागदावर लिहून काढावे. उत्पन्नाचा आधार किमान तीन अर्थांनी ‘समान’ असू शकतो आणि हे तीन अर्थ एकमेकांशी जुळत नाहीत. पहिला अर्थ सारख्या रकमेचा. कॅनडाने २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, काम थांबलेल्यांना दर चार आठवड्यांसाठी २,००० डॉलर दिले. प्रांत कोणताही असो, रक्कम तीच. दुसरा अर्थ वेतनाच्या सारख्या हिश्श्याचा. ब्रिटनने त्याच वर्षी घरी बसाव्या लागलेल्या नोकरदारांच्या पगारापैकी ८० टक्के भाग उचलला, मात्र महिन्याला २,५०० पौंडांच्या मर्यादेत. तिसरा अर्थ सारख्या राहणीमानाचा, म्हणजे जिथे घरभाडे आणि रोजचा खर्च जास्त तिथे रक्कमही जास्त.

पहिल्या पद्धतीत कमी वेतनाच्या प्रदेशाला तुलनेने अधिक लाभ होतो, दुसरीत जास्त वेतनाच्या प्रदेशाकडे अधिक रोकड जाते आणि तिसरीत महागड्या शहरांचे पारडे जड होते. यांपैकी कोणतीही पद्धत उघडपणे अन्याय्य नाही, आणि म्हणूनच ‘त्या भागात दरडोई आमच्यापेक्षा जास्त पैसे गेले’ एवढ्याच वाक्यावर तक्रार उभी करू नये. समोरचा अधिकारी पहिल्या पाच मिनिटांत ती खोडून काढील.

माझ्या मते संकटकाळात आधी लावायची कसोटी या तिन्हींच्या आधी येते. सारखे नुकसान झालेल्या दोन माणसांना, ती देशाच्या कोणत्याही भागात राहत असोत, एकाच नियमाने आणि सारख्याच तत्परतेने उत्तर मिळाले का? रक्कम कशी ठरवावी यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण एका प्रदेशासाठी नियम आणि दुसऱ्यासाठी वाटाघाट, किंवा एका प्रदेशासाठी आज आणि दुसऱ्यासाठी तीन आठवड्यांनी, याचे समर्थन करणे फार अवघड असते. म्हणून तपासणीची सुरुवात रकमेपासून करू नये, तारखांपासून करावी.

तारखांचा तक्ता करावा

एका कागदावर उभे चार रकाने आखावेत. पहिल्यात प्रदेशाचे नाव, दुसऱ्यात तिथे संकट किंवा निर्बंध सुरू झाल्याची तारीख, तिसऱ्यात मदत जाहीर झाल्याची तारीख आणि चौथ्यात त्या दिवशी लागू असलेला दर व अटी. शक्य असेल तर प्रत्यक्ष पैसे खात्यात पडू लागल्याच्या तारखेसाठी पाचवा रकाना ठेवावा, कारण घोषणा आणि हप्ता यांच्यातले अंतर प्रदेशागणिक बदलते. हा तक्ता वर्तमानपत्रांच्या बातम्यांवरून भरू नये. मूळ आदेश, परिपत्रके आणि विधिमंडळातली निवेदने यांवरूनच भरावा. बातमीत ‘आजपासून’ लिहिलेले असते आणि आदेशात ‘पुढील महिन्याच्या पहिल्या तारखेपासून’.

ब्रिटनमधील २०२० च्या शरद ऋतूचा तक्ता भरून पाहिला तर अशा मांडणीतून काय दिसते ते कळेल. २० मार्च २०२० रोजी अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी ८० टक्के वेतनाची योजना जाहीर केली आणि ती संपूर्ण देशाला एकाच वेळी लागू झाली. उन्हाळ्यानंतर सरकारने आपला वाटा टप्प्याटप्प्याने कमी केला, सप्टेंबरमध्ये ७० टक्के आणि ऑक्टोबरमध्ये ६० टक्के. उरलेला भाग मालकांनी भरून कामगाराला ८० टक्के मिळतील अशी अट होती. ३१ ऑक्टोबरला योजना बंद होणार होती. १ नोव्हेंबरपासून येणाऱ्या नव्या योजनेत, सरकारी आदेशाने बंद कराव्या लागलेल्या व्यवसायांतील कामगारांसाठी दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ६७ टक्के वेतन देण्याचे ९ ऑक्टोबरला जाहीर झाले.

पुढच्याच आठवड्यात इंग्लंडमध्ये त्रिस्तरीय निर्बंधांची पद्धत आली. सर्वांत कडक स्तरात १४ ऑक्टोबरला लिव्हरपूल परिसर गेला, नंतर लँकशायर, २३ ऑक्टोबरला ग्रेटर मँचेस्टर आणि पाठोपाठ साउथ यॉर्कशायर. हे सगळे इंग्लंडच्या उत्तरेकडचे प्रदेश. ग्रेटर मँचेस्टरचे तेव्हाचे महापौर अँडी बर्नहॅम यांनी ८० टक्क्यांचा दर कायम ठेवण्याची मागणी केली. स्थानिक मदतनिधीवरची बोलणीही २० ऑक्टोबरला फिसकटली; त्या वेळी मागणी ६.५ कोटी पौंडांवर आणि सरकारची तयारी ६ कोटींवर थांबली होती. ब्रिटनचाच एक भाग असलेल्या वेल्सच्या प्रादेशिक सरकारने २३ ऑक्टोबरपासून स्वतःची टाळेबंदी लावली आणि नवी योजना त्याच दिवसापासून सुरू करावी अशी विनंती केली. प्रशासकीय कारणांनी ते शक्य नसल्याचे उत्तर मिळाले.

मग ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी राजधानीसह संपूर्ण इंग्लंडसाठी टाळेबंदी जाहीर झाली, आणि त्याच घोषणेत ८० टक्क्यांची जुनी योजना, ती संपायला काही तास उरले असताना, पुढे चालू ठेवण्यात आली. ५ नोव्हेंबरला तिची मुदत मार्च २०२१ अखेरपर्यंत वाढली.

रकाने भरल्यावर प्रश्न आपोआप समोर येतो: उत्तरेकडच्या शहरांनी आणि वेल्सने मागितले तेव्हा जे परवडणारे किंवा शक्य नव्हते, ते संपूर्ण इंग्लंड बंद होताच एका दिवसात शक्य कसे झाले? येथे आरोप करणाऱ्यानेही काटेकोर राहिले पाहिजे. ६७ टक्क्यांची योजना प्रत्यक्षात कधी लागूच झाली नाही. ती सुरू होण्याआधीच पुढे ढकलली गेली. त्यामुळे ‘उत्तरेला ६७ टक्के दिले आणि दक्षिणेला ८०’ हे वाक्य चुकीचे ठरते. खरा मुद्दा वेगळा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. ९ ऑक्टोबरपासून महिनाअखेरपर्यंत उत्तरेतल्या मालकांना आणि कामगारांना ६७ टक्के हेच भविष्य गृहीत धरून निर्णय घ्यावे लागले, माणसे कमी करायची की ठेवायची हे त्यावर ठरवावे लागले. इंग्लंडच्या इतर भागांवर मात्र टाळेबंदी आली तेव्हा ८० टक्क्यांचे आश्वासन त्याच निवेदनात होते. वाढीव योजनेत २३ सप्टेंबरनंतर कामावरून काढलेल्यांना परत घेऊन लाभ देण्याची मुभा ठेवावी लागली, यावरूनच मधल्या काळात काय घडले असावे याची कल्पना येते.

तक्ता भरताना सरकारची बाजूही त्याच कागदावर लिहावी. ब्रिटिश सरकारचा युक्तिवाद असा होता की, सामाजिक सुरक्षेचा मासिक भत्ता जोडला तर कमी पगाराच्या अनेक कुटुंबांची भरपाई ६७ टक्क्यांहून बरीच वर जाते. हा मुद्दा खोटा नाही. पण तो भत्ता सबंध कुटुंबाचे उत्पन्न आणि बचत पाहून ठरतो आणि नव्या अर्जदाराला पहिला हप्ता मिळायला साधारण पाच आठवडे लागतात, हेही खरे आहे. दोन्ही बाजू लिहिल्या की वाचणाऱ्याला आपल्यावर विश्वास ठेवायला आधार मिळतो.

टक्केवारीचे पैशांत रूपांतर करावे

टक्केवारीवर वाद घालणे सोपे असते. एका माणसाच्या महिन्याच्या हिशोबावर वाद घालणे कठीण असते. म्हणून तपासणीत एक तरी पूर्ण हिशोब असावा, आणि तो सरासरी वेतनाचा नसावा, किमान वेतनाचा असावा. सरासरीत मोठे पगार मिसळलेले असतात आणि सर्वांत अडचणीत असलेला माणूस त्यात दिसेनासा होतो.

वरचेच उदाहरण घेऊ. एप्रिल २०२० पासून ब्रिटनमध्ये २५ वर्षे व त्यावरील कामगाराचे किमान वेतन ताशी ८.७२ पौंड होते. आठवड्याला ४० तास काम करणाऱ्याचे मासिक वेतन काढताना ४० ला ५२ ने गुणून १२ ने भागावे. साधारण १७३ तास येतात, आणि वेतन सुमारे १,५११ पौंड. त्याचे ८० टक्के म्हणजे सुमारे १,२०९ पौंड आणि दोन तृतीयांश म्हणजे सुमारे १,००८ पौंड. महिन्याला २०० पौंडांचा फरक. आता हेच गणित महिन्याला ३,५०० पौंड मिळवणाऱ्यासाठी केले तर ८० टक्के म्हणजे २,८०० पौंड होतात, पण कमाल मर्यादेमुळे २,५०० च मिळतात. म्हणजे मर्यादेचा फटका जास्त पगाराला बसतो आणि टक्केवारी कमी झाल्याचा फटका असा बसतो की, ज्याच्या पगारातून आधीच काही शिल्लक राहत नव्हती त्याला घरभाड्यालाच हात लावावा लागतो. ज्या प्रदेशात किमान वेतनावरची नोकरी जास्त, तिथे हा दुसरा फटका मोठ्या संख्येने बसतो. दर देशभर एकच असूनही त्याचा भार प्रदेशानुसार वेगळा पडतो तो असा, आणि हे दाखवायचे असेल तर त्या प्रदेशात किमान वेतनावर किंवा त्याच्या जवळपास किती नोकऱ्या आहेत, ही एकच अधिकृत संख्या शोधावी लागते.

सारखी रक्कम देणाऱ्या योजनेची तपासणी उलट दिशेने करावी लागते. अमेरिकेत मार्च २०२० च्या कायद्याने बेरोजगारांना राज्याच्या भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जास्तीचे दिले आणि ही रक्कम सर्व राज्यांत सारखी होती. मात्र ती ज्या भत्त्यावर रचली होती तो राज्याराज्यांत फार वेगळा होता: मिसिसिपीत आठवड्याची कमाल २३५ डॉलर, फ्लोरिडात २७५, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ८२३. सहाशे जोडलेले असेपर्यंत ही दरी झाकली गेली. जुलैअखेर ते थांबताच ती पुन्हा उघडी पडली. यावरून तपासणी करणाऱ्याने एक सवय लावून घ्यावी. कोणत्याही तात्पुरत्या मदतीखाली कायमचा पाया कोणता आहे ते विचारावे, आणि तात्पुरता थर काढल्यावर प्रत्येक प्रदेशात काय उरते, त्याचा स्वतंत्र रकाना करावा.

पाया वेगळा असण्याचे दुसरे उदाहरण भारतातल्या रोजगार हमीचे आहे. २०२०-२१ मध्ये मनरेगाची दैनिक मजुरी बिहारमध्ये १९४ रुपये, महाराष्ट्रात २३८ आणि हरियाणात ३०९ रुपये होती. काम एकच आणि कायदाही एकच. दरवर्षीची वाढ त्या त्या राज्यातल्या शेतमजुरांच्या किंमत निर्देशांकाला जोडलेली असल्यामुळे, सुरुवातीला ज्या राज्याचा दर कमी होता तो पुढेही मागेच राहिला. महागाईतला फरक भरून काढणे हा प्रादेशिक दरांचा योग्य हेतू आहे. पण जुन्या तफावतीवर नुसती टक्केवारीची वाढ चढवत गेल्यास ती तफावत कायम होते. एखाद्या योजनेत प्रदेशानुसार दर आढळले, तर ते कोणत्या वर्षीच्या कोणत्या आकड्यावरून निघाले हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रदेशाची सीमा आणि उंबरठा कोणी ठरवला

मदत जिल्ह्यानुसार किंवा विभागानुसार द्यायची ठरली की कोठेतरी रेघ मारावी लागते, आणि रेघेच्या अगदी अलीकडे असणाऱ्यावर अन्याय होतोच. प्रश्न तो किती आणि कोणाच्या सोयीने, हा असतो. भारतात २० जून २०२० रोजी सुरू झालेल्या गरीब कल्याण रोजगार अभियानासाठी सहा राज्यांतले ११६ जिल्हे निवडले गेले. निकष होता जिल्ह्यात २५,००० हून अधिक स्थलांतरित कामगार परतलेले असणे. निकष स्पष्ट आणि मोजता येण्याजोगा होता, ही त्याची चांगली बाजू. पण २४,००० कामगार परतलेला छोटा जिल्हा त्यात बसत नाही, मग तिथल्या लोकसंख्येच्या मानाने ही संख्या कितीही मोठी असो. पश्चिम बंगालचा एकही जिल्हा यादीत नव्हता आणि आकडेवारी कोणी दिली, कोणी दिली नाही, यावरून केंद्र आणि राज्य यांच्यात वाद झाला. त्या वादात कोणाची बाजू खरी हे येथे ठरवण्याची गरज नाही. परतून आलेल्या मजुराच्या दृष्टीने पाहिले तर दोन सरकारांमधल्या कागदांची किंमत त्याने मोजली, एवढे पुरेसे आहे. म्हणून उंबरठा तपासताना दोन गोष्टी मागाव्यात: निरपेक्ष संख्येबरोबर लोकसंख्येशी प्रमाण, आणि आकडेवारी आली नाही तर काय करायचे याचा लेखी नियम.

कॅनडाच्या बेरोजगारी विम्यात या प्रश्नाला दिलेले उत्तर मला अभ्यासण्यासारखे वाटते. तिथे एरवी पात्रतेसाठी लागणारे कामाचे तास प्रदेशाच्या बेरोजगारी दरावर ठरतात: दर ६ टक्क्यांपर्यंत असेल तर ७०० तास, १३ टक्क्यांच्या वर गेला तर ४२०. जिथे काम मिळणे कठीण तिथे अट सैल. नियम आधीच लिहिलेला असल्यामुळे कोणत्याही महापौराला रात्री उशिरापर्यंत घासाघीस करत बसावे लागत नाही. आणि २०२० च्या संकटात, सगळ्याच प्रदेशांत काम थांबलेले असल्यामुळे, ऑगस्टपासून सर्व प्रदेशांसाठी किमान १३.१ टक्के बेरोजगारी दर गृहीत धरण्यात आला. म्हणजे प्रदेशभेदाचा नियम रद्द न करता सर्वांना सर्वांत सैल अटीवर आणले गेले. अशी तरतूद आपण तपासत असलेल्या योजनेत आहे का, हे जरूर पाहावे.

कोणता पत्ता धरला गेला

माणूस एका ठिकाणी राहतो, दुसऱ्या ठिकाणी काम करतो आणि त्याची कागदपत्रे तिसऱ्या ठिकाणची असतात. प्रादेशिक योजनेत यांपैकी कोणता पत्ता धरायचा, यावर हजारो लोकांची पात्रता ठरते, आणि आदेशात हा भाग बहुधा एखाद्या उपकलमात असतो. टोगो या पश्चिम आफ्रिकेतल्या देशाने एप्रिल २०२० मध्ये मोबाइलवरून पैसे पाठवणारी ‘नोव्हिसी’ ही योजना अतिशय वेगाने उभी केली. तिची पात्रता मतदार ओळखपत्रातल्या नोंदींवर, म्हणजे तिथे लिहिलेल्या व्यवसायावर आणि राहण्याच्या ठिकाणावर अवलंबून होती, आणि पहिले लाभार्थी निर्बंध लागलेल्या, राजधानी लोमेच्या परिसरासारख्या भागांतले होते. वेग हे या योजनेचे खरे यश. पण ओळखपत्र गावच्या पत्त्यावर आणि रोजगार राजधानीत, अशा माणसाचे काय, आणि निर्बंध नसलेल्या पण राजधानीशी असलेल्या व्यापारावरच जगणाऱ्या गरीब खेड्यांचे काय, हे दोन प्रश्न अशा प्रत्येक योजनेला विचारावे लागतात. टोगोने पुढच्या टप्प्यात उपग्रहचित्रे आणि मोबाइल वापराची माहिती वापरून देशातल्या १०० सर्वांत गरीब ग्रामीण विभागांपर्यंत मदत नेली, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाची दखल घेतली गेली.

निर्बंध हाच एकमेव निकष असेल तर सीमेपलीकडचे नुकसान मोजले जात नाही. बंद शहराला माल पुरवणारा शेजारचा जिल्हा कायद्याने उघडा असतो आणि व्यवहारात बंद. आपल्या तपासणीत असा एखादा शेजारी जिल्हा मुद्दाम घ्यावा.

पैसे कोणत्या मार्गाने गेले

नियम सर्वांना सारखा आणि तारीखही सारखी, तरी प्रदेशभेद उरतो, कारण पैसे ज्या यंत्रणेतून जातात ती सर्वत्र सारखी नसते. अमेरिकेत छोट्या व्यवसायांनी पगार चालू ठेवावेत म्हणून बँकांमार्फत, नंतर माफ होऊ शकणारी कर्जे देण्याची योजना एप्रिल २०२० मध्ये आली. तिचे पहिले ३४९ अब्ज डॉलर दोन आठवड्यांच्या आत संपले. पैसे अर्ज येतील त्या क्रमाने दिले जात असल्यामुळे, ज्या भागांत बँकांनी झपाट्याने अर्ज पुढे सरकवले ते भाग पुढे राहिले. न्यूयॉर्कसारख्या सर्वांत जास्त होरपळलेल्या ठिकाणांना पहिल्या फेरीत त्यांच्या नुकसानीच्या मानाने कमी मिळाले आणि मध्य-पश्चिमेतल्या कमी झळ बसलेल्या काही राज्यांना जास्त. येथे कोणत्याही प्रदेशाविरुद्ध कोणाचा हेतू असल्याचे सिद्ध करावे लागत नाही. ‘प्रथम येईल त्याला प्रथम’ हा नियम मर्यादित निधीला जोडला की हा परिणाम ठरलेलाच असतो. त्याच वसंतात फ्लोरिडाचे बेरोजगारी अर्जांचे संकेतस्थळ भाराखाली कोलमडले आणि लोकांना कागदी अर्जांसाठी रांगा लावाव्या लागल्या.

त्यामुळे मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम हे दोन आकडे प्रदेशनिहाय वेगळे मागावेत. नाकारलेल्या अर्जांची संख्या आणि नाकारण्याची कारणे मिळाली तर फारच उत्तम. एखाद्या जिल्ह्यात ‘खाते क्रमांक जुळत नाही’ या कारणाने बाकी जिल्ह्यांच्या तिप्पट अर्ज अडकलेले दिसले, तर दोष अर्जदारांत शोधू नये. आणि पहिल्या फेरीचे आकडे पुढच्या फेऱ्यांत मिसळू देऊ नयेत, कारण वर्षअखेरीच्या एकूण बेरजेत सुरुवातीचे आठवडे बुडून जातात. ज्याचे दुकान एप्रिलमध्येच बंद पडले त्याला जुलैमधल्या समतोलाचा उपयोग नसतो.

कर्ज कोण काढू शकते

हा भाग थोडक्यात पण डोळसपणे तपासावा. टाळेबंदीचा अधिकार प्रादेशिक सरकारकडे आणि उत्पन्नाच्या आधाराची तिजोरी केंद्राकडे, अशी विभागणी असेल तर प्रादेशिक सरकार आरोग्याच्या कारणाने योग्य वाटणारा निर्णय पैशांअभावी लांबवते. वेल्सची अडचण नेमकी हीच होती. उलट, प्रत्येक प्रदेशाने आपापल्या महसुलातून मदत द्यावी असे ठरवले, तर ज्या प्रदेशाचा महसूल सर्वांत जास्त घटला त्यालाच सर्वांत जास्त खर्च करावा लागतो. दोन्ही रचनांत प्रादेशिक सरकारच्या निर्णयासरशी केंद्राचा ठरलेला निधी आपोआप सुटेल अशी तरतूद आहे की दर वेळी विनंती करावी लागते, एवढा एक प्रश्न विचारला तरी बरेच कळते.

मागणी कशी लिहावी

तक्ता आणि हिशोब तयार झाले की निवेदन लहान ठेवावे. पहिल्या परिच्छेदात नियमातला फरक, दुसऱ्यात तारखांमधला फरक, तिसऱ्यात एका कामगाराचा महिन्याचा हिशोब, आणि शेवटी मागणी. मागणीत रकमेचा आकडा टाकण्याचा मोह आवरावा; त्यापेक्षा नियम मागावा. ‘आमच्या भागाला अमुक कोटी द्या’ असे म्हटले की शेजारचा प्रदेश आपोआप प्रतिस्पर्धी होतो आणि सरकारला एकेकाशी वेगळी तडजोड करता येते. याउलट ‘ज्या कोणत्याही भागात असे निर्बंध लागतील, तिथे पहिल्या दिवसापासून वेतनाचा अमुक हिस्सा मिळेल, आणि हा नियम आधीच निर्बंध लागलेल्या भागांना मागील तारखेपासून लागू होईल’ अशी मागणी केली, तर शेजारच्या प्रदेशालाही तिच्यावर सही करता येते. मागील तारखेचा मुद्दा आग्रहाने लावून धरावा. नियम उशिरा सुधारला गेला तर ज्यांनी सर्वांत आधी झळ सोसली तेच त्यातून वगळले जातात, आणि आधीच्या आठवड्यांची भरपाई नंतर कोणी मागत नाही.

निवेदनासोबत प्रदेशनिहाय आकडे दर महिन्याला प्रसिद्ध करण्याची मागणी जोडावी: अर्ज किती आले, किती मंजूर झाले, पैसे सरासरी किती दिवसांत पोहोचले. आकडे प्रसिद्ध होत नसतील तर माहितीच्या अधिकारासारख्या कायद्याचा आधार घेऊन ते मिळवता येतात, पण त्यात आठवडे जातात. म्हणून अर्ज पहिल्याच दिवशी टाकून ठेवावा.

योजना संपतानाही हाच तक्ता पुन्हा भरावा लागतो, आणि तिथे बहुतेकांचे लक्ष उडालेले असते. अमेरिकेतली, नंतर पुन्हा सुरू झालेली जादा बेरोजगारी मदत ६ सप्टेंबर २०२१ पर्यंत चालणार होती, तरी जवळपास निम्म्या राज्यांनी जून-जुलैमध्येच तीतून अंग काढून घेतले. केंद्राचा निधी उपलब्ध असूनही त्या राज्यांतल्या बेरोजगारांचा हप्ता शेजारच्या राज्यातल्यांपेक्षा दोन-तीन महिने आधी थांबला. त्यामुळे मदत केव्हा सुरू होईल याबरोबर ती कोणत्या आकड्यावर थांबेल, तो आकडा कोण मोजेल आणि एखाद्या प्रदेशात तो गाठला गेला नसेल तर तिथे ती चालू राहील का, हे तीन प्रश्न पहिल्याच निवेदनात लेखी उत्तरासाठी घालावेत.